विडी सुटली, आता गळ्याकडे लक्ष द्या

तंबाखू सोडणाऱ्याचं कौतुक फार तर महिनाभर टिकतं. मग घरचे विसरतात, दोस्तमंडळी नेहमीच्या टपरीवर जमू लागतात आणि सोडणारा आपल्या शरीराच्या कुरबुरी एकटाच ऐकत बसतो. अमळनेरच्या बाजारात या कुरबुरी कानावर पडतात त्या अशा : “बिडी सोडी अन् आंगमा जीव नही.” सकाळी पोट साफ होत नाही, वजन वाढतंय, दुपारी डोळे मिटतात, कामात मन लागत नाही. मग एखादे जिभाऊ वडीलकीच्या नात्याने सल्ला देतात, “एकदम सोडू नये रे, शरीराला सवय असते, दिवसाला दोन-चार चालतात.” आणि चार महिन्यांची कमाई एका काडीत जळून जाते.

ही तक्रार खोटी नसते आणि तो माणूस कामचुकारही नसतो. बहुतेकांच्या बाबतीत तो निकोटीन सुटल्याचा त्रास असतो आणि तो आपोआप ओसरतो. पण काही जणांच्या बाबतीत त्यामागे थायरॉईड असतो. धूम्रपान सोडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ही ग्रंथी मंदावण्याची शक्यता वाढते, असं गेल्या काही दशकांच्या संशोधनातून दिसलं आहे. डॉक्टरांपुरती राहिलेली ही माहिती टपरीपर्यंत पोचायला हवी. कारण ती ठाऊक नसेल तर माणूस दोष सोडण्याला देतो आणि पुन्हा पेटवतो. ठाऊक असेल तर रक्ताची एक तपासणी करून मोकळा होतो.

धुरातलं सायनाइड आणि गळ्यातली ग्रंथी

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असलेली जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाची ग्रंथी. अन्नातलं आयोडीन रक्तातून ओढून घ्यायचं आणि त्यापासून टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरकं तयार करायची, हे तिचं काम. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, त्वचा, केस, पाळी, मनाची उभारी या सगळ्यांचा वेग या संप्रेरकांवर ठरतो. ग्रंथी किती काम करते यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी लक्ष ठेवते. संप्रेरक कमी पडलं की ती टीएसएच हा संदेश वाढवते, जास्त झालं की कमी करते. म्हणून अहवालात टीएसएच वाढलेला दिसला तर थायरॉईड मंद आणि घटलेला दिसला तर थायरॉईड अतिचपळ, असा सहसा उलटा अर्थ लावायचा असतो. ‘थायरॉईड वाढला’ असं आपण सरसकट म्हणतो आणि नेमकं काय वाढलं याचा घोळ इथेच सुरू होतो.

आता धूर. विडी-सिगारेटच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. शरीर, मुख्यतः यकृत, या विषाचं रूपांतर थायोसायनेट नावाच्या कमी घातक पदार्थात करतं. पण हा पदार्थ रक्तात कित्येक दिवस रेंगाळतो आणि थायरॉईडच्या पेशींत आयोडीन शिरतं त्याच वाटेवर आयोडीनशी स्पर्धा करतो. आहारात आयोडीन कमी असेल तर ही स्पर्धा महागात पडते. ग्रंथी जास्त आयोडीन मिळवण्यासाठी आकाराने वाढते, म्हणजेच गलगंड होतो. आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत धूम्रपान करणाऱ्यांत गलगंड जास्त आढळतो, तो यामुळे. विडी साधी, पानातली, म्हणून सौम्य, हा समज इथे उपयोगाचा नाही. मुंबईचे कर्करोग संशोधक एल. डी. संघवी यांनी डीट्रिख हॉफमन आणि अर्न्स्ट विंडर या अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर १९७४ मध्ये भारतीय विडी आणि अमेरिकन सिगारेट यांच्या धुराची रासायनिक तुलना प्रसिद्ध केली. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांच्या बाबतीत विडीच वरचढ निघाली.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल की धूम्रपान करणाऱ्यांचा थायरॉईड जास्त मंद असणार. मोजणीत मात्र उलटं दिसलं. नॉर्वेतल्या नॉर-ट्रोंडेलाग भागातल्या मोठ्या पाहणीत आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतही धूम्रपान करणाऱ्यांचा टीएसएच सरासरीने कमी होता आणि मंद थायरॉईडचं प्रमाणही कमी होतं. अतिचपळ थायरॉईडचं प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त.

या कोड्याची गुरुकिल्ली आहे रोगप्रतिकारशक्तीत. मीठ आयोडीनयुक्त झालेल्या समाजात थायरॉईड मंदावण्याचं सर्वांत मोठं कारण हाशिमोटोचा आजार हे असतं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. तंबाखूतली काही द्रव्यं हा हल्ला दाबून ठेवतात असं दिसतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ॲनाटाबाइन हे तंबाखूतलं अल्कलॉइड दिल्यावर उंदरांमधला थायरॉईडचा असा दाह कमी झाला. तंबाखू बंद झाली की हा दाब उठतो. ॲमस्टरडॅममध्ये, घरात थायरॉईडचा आजार असलेल्या स्त्रियांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. तिथेही धूम्रपान सोडणाऱ्यांत ही प्रतिपिंडं नव्याने तयार होण्याची शक्यता वाढलेली आढळली. मोठ्या आतड्यात व्रण होण्याचा एक आजारही धूम्रपान सोडल्यावर काही जणांत असाच डोकं वर काढतो.

सहापट म्हणजे किती?

या विषयातला सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास डेन्मार्कचा, २०१२ सालचा. मंद थायरॉईडचं नव्यानेच निदान झालेल्या रुग्णांची त्यात निरोगी माणसांशी तुलना केली होती. धूम्रपान सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत या आजाराचा धोका सहापटीहून अधिक वाढलेला दिसला. त्यापुढे, म्हणजे सोडून तीन ते दहा वर्षं झालेल्यांत, ही वाढ उरली नव्हती.

‘सहापट’ हा शब्द घाबरवणारा आहे, म्हणून तो नीट वाचायला हवा. उघड मंद थायरॉईड एका वर्षात नव्याने किती जणांना होतो? हजारात फार थोड्यांना. लहान संख्येची सहापट लहानच राहते. धूम्रपान सोडणाऱ्या बहुसंख्यांना थायरॉईडचा कोणताही त्रास होत नाही. दुसरी गोष्ट, धोका तात्पुरता वाढतो याचा अर्थ झालेला आजारही तात्पुरता असतो असा नाही. ज्याची ग्रंथी हाशिमोटोने निकामी झाली त्याला बहुधा कायम गोळी लागते.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहू. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. सिगारेट ३० व्या वर्षी सोडणाऱ्याचं आयुष्य सुमारे १० वर्षांनी वाचतं, ४० व्या वर्षी सोडली तर ९, ५० व्या वर्षी ६ आणि साठीत सोडली तरी ३ वर्षांनी. भारतातल्या मृत्यूंच्या २००८ सालच्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी घटलेलं आढळलं. मंद थायरॉईडला रोज एका छोट्या गोळीचा उपाय आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाला किंवा पायाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीला इतका स्वस्त उपाय नाही.

‘मग पुन्हा दोन-चार ओढल्या तर थायरॉईड सुधारेल का?’ असा प्रश्न विचारला जातो. नाही सुधारणार. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे मंद थायरॉईड असलेल्या स्त्रियांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये वाईट कोलेस्टेरॉल अधिक होतं आणि आजाराची लक्षणंही अधिक तीव्र होती. ग्रंथी मंद असताना ओढलेला धूर आजार बरा करत नाही, वाढवतो.

तलफेचं काय आणि थायरॉईडचं काय?

खरी अडचण ही की दोन्हींच्या लक्षणांची यादी बरीचशी सारखी आहे. थकवा, बद्धकोष्ठ, वाढतं वजन, उदासपणा, चित्त न लागणं, झोपेचा बिघाड. सकाळी विडीचे चार झुरके मारल्याशिवाय शौचाला होत नाही अशी सवय लागलेल्याला तर पहिला महिना अवघडच जातो, कारण निकोटीन आतड्यांना चाळवतं आणि तो चाळा अचानक थांबतो.

फरक ओळखायचा तो दिवसांच्या हिशेबाने. निकोटीन सुटल्याचा त्रास २४ तासांच्या आत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा निवळतो. थायरॉईड मात्र दबक्या पावलांनी, महिनोन्‌महिने वाढत येतो. दिवस जातील तसं उतरत जाणारं ते तलफेचं. दिवस जातील तसं चढत जाणारं ते तपासायचं.

काही खुणा जास्त करून थायरॉईडकडे बोट दाखवतात. इतरांना उकडत असताना थंडी वाजणं, त्वचा कोरडी आणि खरखरीत होणं, केस गळणं, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसणं, नाडी मंदावणं, पाळीत रक्तस्राव वाढणं, बोटांना मुंग्या येणं, गळ्याचा पुढचा भाग भरल्यासारखा दिसणं. ही नुसत्या तलफेची लक्षणं नव्हेत.

वजनाबद्दल वेगळं सांगायला हवं. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. भूक परत येते, जिभेला चव कळू लागते, हातातली विडी गेली म्हणून शेव-मुरमुऱ्याचा बकाणा येतो. मंद थायरॉईडने वाढणारं वजनही सहसा मर्यादितच असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे १५ किलो वाढले तर सगळा भार थायरॉईडवर टाकून चालत नाही, ताटाकडेही बघावं लागतं.

याउलट छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं अशी तक्रार आली तर आधी चहा मोजावा. धूर यकृतातल्या एका विकराला चेतवतो आणि तो कॅफीन झपाट्याने संपवतो. धूम्रपान थांबलं की त्या विकराचा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाने रक्तातलं कॅफीन दुपटीच्या घरात जातं. तलफ मारण्यासाठी माणूस चहा वाढवतो आणि धडधड विडी सोडल्याने आली असं समजतो. चहा निम्म्यावर आणूनही धडधड राहिली, भूक चांगली असून वजन घटत असेल, तर अतिचपळ थायरॉईडची तपासणी करावी. विडी सोडल्यावर वजन वाढायचं. घटू लागलं तर क्षयरोगापासून मधुमेहापर्यंत इतर कारणंही शोधावी लागतात.

आणखी एक लक्षण असं की ते थायरॉईडच्या खाती टाकून कधीच स्वस्थ बसू नये. आवाज बसणं. मंद थायरॉईडने आवाज जाडा होतो हे खरं. पण ज्याने २०-३० वर्षं विडी ओढली आहे त्याचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवं. मानेतली गाठ, गिळताना अडखळणं, थुंकीतून रक्त यांनाही हाच नियम लागू.

पुरुषांची विडी, बायकांची मिश्री

थायरॉईड हा ‘बायकांचा आजार’ समजला जातो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या कित्येक पट आढळतो हे खरंच आहे. विडी मात्र आपल्याकडे मुख्यतः पुरुष ओढतात. त्यामुळे विडी सोडलेल्या पन्नाशीच्या आप्पांना थकवा आला तर साखर तपासली जाते, हृदयाचा आलेख काढला जातो, पण टीएसएचचं नाव निघत नाही. धूम्रपान सोडणं हेच टीएसएच तपासण्याचं पुरेसं निमित्त आहे, हे आप्पांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं तर बरं. ‘तीन महिन्यांपूर्वी बिडी सोडली’ हे वाक्य प्रत्येक डॉक्टरसमोर बोललं गेलं पाहिजे.

आपल्या भागाचं दुसरं वैशिष्ट्य असं की इथली तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जास्त जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं कोणतं ना कोणतं सेवन करत होते. धूम्रपान करणारे त्यात फक्त ३.८ टक्के, तंबाखू-चुना, गुटखा, खैनी, मिश्री अशी बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. सायनाइड येतं ते प्रामुख्याने धुरातून, आणि वर सांगितलेले अभ्यासही धूम्रपान करणाऱ्यांवरचे आहेत. ते जसेच्या तसे तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्या बाईला चिकटवता येत नाहीत. निकोटीन मात्र दोन्हीकडे आहे. त्यामुळे सोडल्यानंतरचा थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठ दोन्हीकडे सारखेच.

मिश्रीचा प्रश्न वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. ज्या वयात स्त्रियांना थायरॉईडचा आजार जास्त होतो, त्याच वयाच्या कित्येकजणी दिवसातून दोन-चार वेळा मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री बंद केल्यावर आलेला थकवा तंबाखूचा आहे हे मग कुणाच्याच ध्यानात येत नाही. बाईला दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल तर दोन्ही गोष्टी तातडीच्या होतात : तंबाखू पूर्ण बंद आणि टीएसएचची तपासणी. पहिल्या काही महिन्यांत बाळाची वाढ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते.

विडी सोडून तंबाखू मळायला लागणं म्हणजे सोडणं नव्हे, हेही इथेच सांगून टाकू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे ती काही उगीच नाही.

रक्त केव्हा तपासायचं?

तक्रार नसेल तर विडी सोडणाऱ्या प्रत्येकाने प्रयोगशाळा गाठायची गरज नाही. पण घरात आई, बहीण, मावशी अशा कुणाला थायरॉईड असेल, स्वतःला टाइप १ मधुमेह किंवा पांढरे डाग असा स्वप्रतिकार आजार असेल, मानेत गलगंड दिसत असेल, तर सोडण्याच्या आधी एकदा आणि नंतर काही महिन्यांनी टीएसएच करून घेणं शहाणपणाचं. बाकीच्यांनी सहा आठवड्यांनंतरही थकवा चढताच राहिला तर तपासावं. तपासणी अमळनेरात होते, रक्त कोणत्याही वेळी देता येतं, उपाशी राहण्याची अट नाही. दर वेळी साधारण त्याच वेळी आणि त्याच प्रयोगशाळेत दिलं तर तुलना सोपी जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर अहवाल फसवा येऊ शकतो.

आकडा किंचित वाढलेला आला की लगेच जन्माची गोळी लागली असं समजू नये. धूम्रपान करणाऱ्यांचा टीएसएच मुळात थोडा खाली असतो. सोडल्यावर तो वर सरकतो. साधारण ४ ते १० च्या दरम्यानचा टीएसएच आणि टी-४ नेहमीइतकं, अशी स्थिती असेल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. टीपीओ प्रतिपिंडं तपासली तर हाशिमोटोचा अंदाज येतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला किंवा टी-४ घटलेलं असेल तर बहुधा उपचार सुरू होतात. गर्भवतीसाठी मर्यादा वेगळ्या आणि कडक असतात.

हा आजार आपल्याकडे किती आहे? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत १०.९५ टक्के लोकांचा थायरॉईड मंद होता. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण अधिक होतं. त्या १०.९५ टक्क्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना आपल्याला आजार असल्याचं त्या तपासणीपर्यंत ठाऊकच नव्हतं.

गोळी घेण्याची रीत

मंद थायरॉईडवरचं औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सीन. ग्रंथी जे टी-४ बनवत होती तेच बाहेरून द्यायचं. एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म ही नावं खानदेशातल्या कितीतरी घरांच्या फडताळावर सापडतील. औषध साधं, पण घेण्याची शिस्त चुकली तर उपयोग निम्मा.

सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नाही. इथेच विडी सोडणाऱ्याची परीक्षा असते, कारण त्याची विडी आणि चहा यांची जोडी जुनी. काही जण याचा फायदा करून घेतात : गोळीनंतरचा तो तास चालायला जायचं. बोरी नदीच्या बाजूने एक फेरी झाली की तलफेची वेळही टळते. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची औषधं यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवावं. सकाळ जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतलेली गोळीही काम करते. रमजानच्या रोज्यात हा पर्याय डॉक्टरांना विचारून ठरवता येतो. एकादशी-नवरात्रीचा उपास असला तरी गोळी चुकवायची नाही. पाणी चालतं तिथे गोळी चालते.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत अमळनेरचा पारा चाळिशीपलीकडे असतो. हे औषध उष्णता, उजेड आणि दमटपणा यांनी बिघडतं. बाटली खिडकीत, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या कपाटात ठेवावी.

मात्रा वजनावर, वयावर आणि हृदयावर ठरते. जुन्या विडीवाल्याच्या बाबतीत हृदयाचा मुद्दा कळीचा. वर्षानुवर्षांच्या धुराने हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा माणसाला सुरुवातीलाच मोठी मात्रा दिली तर हृदयावर ताण येऊन छातीत दुखू शकतं. म्हणून डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. शेजारच्याची गोळी १०० ची आहे म्हणून आपली २५ ची कमकुवत असं नसतं.

हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. परिणाम स्थिरावायला दीड महिना जातो. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, मग स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. आधीपासून गोळी चालू असलेल्याने विडी सोडली तर त्यानेही दोन महिन्यांनी एकदा तपासून घ्यावं. बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं ही सर्वांत महागडी चूक. गोळीमुळेच बरं वाटत असतं.

मीठ, भाकरी आणि कोबी

प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. घरात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, आयोडीन असावं असा नियम आहे. भारतात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, त्यामागे कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेलं आयोडीनयुक्त मिठाचं काम होतं. पुढे आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावर बंदी आली, ती २००० मध्ये उठली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली.

तरीही लोणच्या-पापडाच्या निमित्ताने आणलेलं खडं मीठ वर्षभर रोजच्या भाजीत पडतं, आणि आता ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधवाची चलती आहे. या दोन्हींत पुरेसं आयोडीन असेलच असं नाही. लोणच्याला खडं मीठ वापरा, पण रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच. दुसरं टोकही टाळायचं : आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. हाशिमोटोत जादा आयोडीन आग वाढवतं.

कोबी-फ्लॉवर बंद करा, बाजरी सोडा, असे सल्ले सर्रास फिरतात. सुदानमध्ये जवळजवळ फक्त बाजरीवर जगणाऱ्या आणि आयोडीनची वानवा असलेल्या लोकांत गलगंडाचा बाजरीशी संबंध अभ्यासला गेला, हे खरं. पण आपल्या ताटात हिवाळ्यातली बाजरी असते तशी एरवी कळण्याची भाकरी असते, डाळ असते, भरीत असतं आणि मिठात आयोडीन असतं. शिजवलेला कोबी आणि थंडीतली बाजरी यांना घाबरण्याचं कारण नाही.

डोळ्यांचा त्रास असेल तर आजच सोडा

आतापर्यंत मंद थायरॉईडची गोष्ट झाली. अतिचपळ थायरॉईडच्या बाबतीत चित्र उलटं आणि अगदी स्वच्छ आहे. ग्रेव्ह्‌ज नावाच्या आजारात प्रतिपिंडं ग्रंथीला जास्त काम करायला भाग पाडतात. धूम्रपानाने या आजाराची शक्यता जवळपास दुप्पट होते आणि त्यातला डोळ्यांचा त्रास, म्हणजे डोळे बाहेर येणं, लाल होणं, दोन-दोन दिसणं, खूपच वाढतो. जितकं जास्त ओढाल तितका जास्त त्रास. किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर डोळे बिघडण्याची भीतीही धूम्रपान करणाऱ्याला अधिक, आणि स्टिरॉइडचा उपयोगही त्याला कमी. हा आजार असलेल्याने विडी सोडणं हा सल्ला नाही, उपचाराचा भाग आहे.

सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेची विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. निकोटीनचं च्युइंगम तलफ आवरायला उपयोगी पडतं आणि त्यात धुरातलं सायनाइड नसतं. धडधड किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावं. थायरॉईडची गुंतागुंत वाढली तर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अमळनेरपासून एका दिवसात जाऊन-येऊन करण्याजोग्या अंतरावर आहेत.

विडी सोडलेला माणूस थकला असेल तर त्याला ‘दोन-चार चालतात’ असं सांगणारे गावात पुष्कळ आहेत. ‘टीएसएच करून ये’ असं सांगणारा एक तरी हवा. तो घरचा असेल तर उत्तम.